जुने मासे ठणठणीत, नवे दोन दिवसांत गेले: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत गोड्या पाण्याच्या टाकीविषयी आलेली बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. टाकी जुनी, त्यातले मासे मजेत आणि नवा आणलेला मासा काही टिकत नाही. त्यांतली निवडक पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. मासा आणल्यापासून किती वेळाने मेला, हे प्रत्येकाने आवर्जून लिहावे. पहिल्या दोन दिवसांत मेला तर संशय पाण्यावर, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर मेला तर रोगावर. उत्तराची सुरुवात आम्ही तिथूनच करतो.

प्रश्न : माझी टाकी २ फूट × १ फूट × १ फूट आहे, चार वर्षे चालू आहे. तीन ब्लॅक विडो टेट्रा आणि एक सकर पहिल्यापासून आहेत, कधी आजारी पडले नाहीत. या वर्षात तीनदा नवे मासे आणले, तिन्ही वेळा दीड-दोन दिवसांत सगळे मेले. अंगावर डाग नाही, जखम नाही. दुकानदार म्हणतो, पाणी ‘पिकलेलं’ आहे, त्याला हात लावू नका. मी आटलेले पाणी दर आठवड्याला भरतो, काढून टाकत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेन टाकीत ७८० दाखवतो, नळाच्या पाण्यात १४०. पीएचची पट्टी टाकीत ६ च्या आसपास येते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : निदान तुमच्याच आकड्यांत आहे. पाणी आटते तेव्हा वाफ होऊन उडते ते नुसते पाणी. क्षार, नायट्रेट, फॉस्फेट टाकीतच राहतात. वरून भरलेले नळाचे पाणी आपले क्षार त्यात घालते, खाद्य आणि विष्ठा त्यात आणखी भर टाकतात. १४० चे ७८० असे झाले. हा बदल चार वर्षे इतका हळू होत गेला की जुन्या माशांची शरीरे त्याच्याबरोबर जुळत गेली. नवा मासा मात्र दुकानातल्या २००-२५० टीडीएसच्या, साडेसात पीएचच्या पाण्यातून अर्ध्या तासात तुमच्या टाकीत येऊन पडतो. रक्तातल्या क्षारांचा तोल नव्या पाण्याशी जुळवायला त्याच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडांना काही दिवस हवे असतात. ते त्याला मिळत नाहीत, म्हणून अंगावर एकही खूण न दिसता तो मरतो.

पीएच घसरण्याचे कारण वेगळे आहे. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होते. पाण्यातली कार्बोनेट क्षारता, म्हणजे केएच, ते आम्ल शोषून घेते. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. नवे पाणी पुरेसे येत नसेल तर हा साठा एक दिवस संपतो आणि पीएच कोसळतो. ६ च्या खाली हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात आणि अमोनिया साचू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम या फारशा त्रास न देणाऱ्या रूपात असतो, म्हणून जुने मासे तरून जातात.

इथे एक सापळा आहे. हे वाचून तुम्ही उत्साहाने उद्याच अर्धे पाणी बदलाल, तर आजवर जगलेले टेट्राही जातील. २५ अंश सेल्सियसला एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएच ६ ला जेमतेम ०.०६ टक्के असतो, ७ ला अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर आणि ८ ला पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे टाकीत २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया साचलेला असेल आणि नळाच्या पाण्याने पीएच ८ वर नेला, तर तोच अमोनिया काही तासांत जवळजवळ शंभर पट विषारी होतो. ‘पाणी बदललं आणि मासे मेले’ या अनुभवाचे मूळ बहुधा इथेच असते, आणि दुकानदाराच्या ‘हात लावू नका’चेही.

तेव्हा पाणी बदलायचे, पण सावकाश. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली तर तुमच्या टाकीत साधारण ४५ लिटर पाणी असेल. आधी थेंबांच्या किटने अमोनिया, नायट्रेट आणि केएच मोजा. केएचच्या बहुतेक किटमध्ये ५ मिली पाण्याचा रंग बदलायला जितके थेंब लागतात तितके अंश केएच समजतात. तुमच्याकडे पहिल्याच थेंबाला रंग बदलण्याची शक्यता आहे. अमोनिया १ पीपीएमच्या आत असेल तर रोज साडेचार लिटर, म्हणजे दहा टक्के पाणी काढून तितकेच घाला. १ च्या वर असेल तर पहिला आठवडा रोज दोन-सव्वादोन लिटरच. रोज दहा टक्के बदलले तर सात दिवसांनी जुने पाणी निम्म्यावर येते, चौदा दिवसांनी पाव हिश्श्याच्याही खाली. टीडीएस तोवर २९० च्या आसपास उतरलेला असेल. घालायचे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून त्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडतो आणि पीएचही स्थिर होतो. नळातून नुकत्याच आलेल्या पाण्याचा पीएच चकवतो.

याच काळात फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळा. खडीतला गाळ सायफनने काढा, पण एका दिवशी एक चतुर्थांश भागातलाच. पंधरा दिवसांनीही केएच ३ च्या वर येत नसेल तर खायचा सोडा वापरा (बेकिंग पावडर नव्हे). लिटरला ३० मिलिग्रॅम सोड्याने केएच एक अंशाने वाढतो. तुमच्या ४५ लिटरला १.३५ ग्रॅम, म्हणजे चहाचा पाव चमचा. तो मगभर पाण्यात विरघळवून घाला आणि दिवसाला एका अंशाहून जास्त वाढवू नका.

टीडीएस ३०० च्या आत, पीएच ६.८ च्या वर आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली असे सलग आठवडाभर राहिले, की दोन-तीन मासे आणायला हरकत नाही. पुढे दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी काढून मग नवे घालायचे. राहता राहिला सकर. हा मासा फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. दोन फुटी टाकी त्याची नव्हेच. टाकीतली निम्मी घाण एकट्या त्याची असेल. मोठ्या टाकीचे घर शोधून त्याला तिथे पोहोचवा. तलावात किंवा नदीत मात्र सोडू नका.

प्रश्न : कोलकात्याहून मागवलेले रमिरेझी आणि टेट्रा तीस तासांनी घरी आले. सगळे जिवंत होते. पिशवी उघडून एअरच्या नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी तीन तास सोडले, मगच मासे टाकीत घेतले. रात्रीपर्यंत बारापैकी नऊ मेले. इतकी काळजी घेऊनही असे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ते तीन तासच नडले. बंद पिशवीत मासे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साचतो, पण उतरलेल्या पीएचमुळे तो अमोनियमच्या रूपात दबून असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निसटू लागतो, वरून तुमच्या टाकीचे जास्त पीएचचे पाणी पडते, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. मासे त्यातच तीन तास पोहत राहिले. कल्ले भाजले की मासा टाकीत गेल्यावर काही तासांत मरतो.

लांबून आलेल्या पिशवीची रीत वेगळी. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. टाकीचा दिवा बंद हवा. मग उघडा, मासे जाळीने उचला, लगेच तयार पाण्यात सोडा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओता. ते टाकीत एक थेंबही जायला नको.

‘तयार पाणी’ हे यातले खरे काम आहे आणि ते मासे येण्याच्या आदल्या दिवशी करायचे असते. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा टीडीएस विचारा. तुमच्याकडे ८० आणि त्याच्याकडे ३५० असेल तर वेगळ्या टबात तुमचे पाणी घेऊन त्याचा आकडा वर आणा. १० लिटरला १ ग्रॅम मिठाने टीडीएस साधारण १०० ने चढतो, त्या हिशेबाने मीठ घाला. मासे त्या टबात सोडायचे. पुढच्या आठवड्यात रोज थोडे पाणी काढून टाकीचे पाणी घालत टबाचा आकडा टाकीच्या जवळ आणायचा. पहिले २४ तास खाद्य नाही, एअर पंप मात्र सतत.

जवळच्या दुकानातून अर्ध्या-पाऊण तासात आणलेल्या माशांना थेंबांची पद्धत चालते, कारण तेवढ्या वेळात पिशवीत अमोनिया फारसा साचत नाही. आधी पिशवी तरंगवा, मग ती लहान बादलीत रिकामी करून सेकंदाला दोन-चार थेंब या वेगाने टाकीचे पाणी सोडा. पाणी दुप्पट झाले की अर्धे ओतून द्या आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. तासाभरात आटोपते. दोन्ही पाण्यांच्या टीडीएसमध्ये १५० हून जास्त फरक असेल तर तासाभराने काही साधत नाही. तिथेही टबच हवा.

प्रश्न : टाकीत निऑन आणि रास्बोरा दोन वर्षे छान आहेत. मॉली आणली की आठवड्याभरात ती जागच्या जागी डुलू लागते, शेपटी मिटते आणि मरते. पाणी महापालिकेचेच आहे. – एक वाचक, दादर

उत्तर : मुंबईचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा तलावांतून येते. ते साठवलेले पावसाचे पाणी, म्हणजे मऊ, क्षार कमी. निऑन आणि रास्बोराला हेच मानवते. मॉली मात्र खनिजांनी भरलेल्या पाण्यातली, समुद्रालगतच्या मचूळ पाण्यातही वाढणारी. तिला एकूण कठीणपणा, म्हणजे जीएच, निदान १०-१२ अंश लागतो. मऊ पाण्यात तिला शरीरातले क्षार धरून ठेवता येत नाहीत आणि तुम्हाला दिसते ते डुलणे सुरू होते. हा रोग नाही, त्यामुळे औषधाच्या बाटल्या वाया जातात. शिवाय शेततळ्यांत मॉली आणि गप्पी बऱ्याचदा मीठ घातलेल्या पाण्यात वाढवतात; तिथून मुंबईच्या नळाच्या पाण्यात येणे म्हणजे मोठीच उडी.

निऑनच्या टाकीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा टाकून मधला मार्ग काढू नका, दोघांचेही हाल होतात. मॉली हवीच असेल तर तिला वेगळी टाकी द्या. फिल्टरमध्ये ५० लिटरला १०० ते १५० ग्रॅम शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीतून ठेवा, लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ घाला आणि जीएच आठवड्याला मोजत चला. बोअरवेलच्या पाण्याच्या वाचकांची अडचण नेमकी उलटी असते. त्यांच्याकडे मॉली-गप्पी पिल्लांनी टाकी भरून टाकतात आणि निऑन टिकत नाहीत.

प्रश्न : नवे आठ मासे थेट टाकीत सोडले. पाचव्या दिवशी दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके, एकाच्या तोंडाला कापसासारखे काहीतरी. हीटर ३१ वर नेला. नवे सगळे मेले, आता जुनेही आजारी आहेत. – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या टाकीत एकाच वेळी दोन वेगळे रोग दिसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो.

मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे ठिपके म्हणजे इक. प्रत्येक ठिपक्याखाली एक परजीवी कातडीत दडलेला असतो आणि तिथे औषध पोहोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी चिकटून त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ते पोहत नवा मासा शोधतात. औषध मारते ते या पोहणाऱ्यांनाच. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ते आपोआप संपतात. तापमान ३० पर्यंत वाढवतात ते परजीवी मरावेत म्हणून नाही, तर हे चक्र लवकर फिरून ते उघड्यावर यावेत म्हणून. दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवले की आठवड्याने तिप्पट ठिपके येतात, ते यामुळेच. इथे औषध म्हणजे मीठ, लिटरला २ ग्रॅम. ४५ लिटरला ९० ग्रॅम, बारा-बारा तासांच्या अंतराने तीन हप्त्यांत, विरघळवून. कोरीडोरास किंवा लोच हे तळाशी राहणारे मासे असतील तर निम्मे. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा आणि पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घाला. साधे खडे मीठ चालते. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात ही भीती निराधार आहे, त्यातले आयोडीन अगदी नगण्य असते.

तोंडाचा कापूस मात्र बुरशी नसून बहुधा कॉलम्नॅरिस हा जिवाणूरोग. पाठीवर खोगिरासारखा करडा पट्टा दिसला तर शंकाच नको. तो एक-दोन दिवसांत मासा मारतो आणि उष्णतेत जास्त वेगाने पसरतो. ३१ अंशांनी त्यालाच मदत झाली. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरला ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. हीटर बंद करा, पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडा (दोन-तीन अंश सहज उतरतात), एअर स्टोन वाढवा आणि मेलेला मासा दिसताक्षणी काढा. इकसाठीचे मीठ २५-२६ अंशांनाही चालते, फक्त जास्त दिवस द्यावे लागते. कापूस आलेले मासे वेगळे करा. अँटिबायोटिक मात्र अंदाजाने देऊ नका. नागपुरातच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून दाखवा. मिथिलिन ब्लू हे निळे औषध मुख्य टाकीत ओतू नका; काचेचे सिलिकॉन निळे होते आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही फटका बसतो.

पुढच्या वेळी मासे थेट टाकीत नकोत. २५-३० लिटरचा प्लास्टिकचा टब आणि एक स्पंज फिल्टर एवढ्यात काम भागते. तो स्पंज आधी तीन-चार आठवडे मुख्य टाकीत चालवलेला हवा, नाहीतर टबात अमोनिया साचून मासे रोगाआधीच मरतील. तळाला खडी नको. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि वर जाळी. जाळे, बादली, नळी सगळे वेगळे ठेवा. ते शक्य नसेल तर कडक उन्हात पूर्ण वाळवून वापरा. मुदत चार आठवडे. कोणी वर येऊन धापा टाकत असेल किंवा अंग घासत असूनही ठिपका नसेल, तर कल्ल्यांतल्या फ्लूकचा (बारीक परजीवी कृमीचा) संशय धरून प्राझिक्वान्टेल हे कृमीनाशक लिटरला २.५ मिलिग्रॅम द्या. शेवटच्या आठवड्यात मुख्य टाकीचे थोडे थोडे पाणी टबात घालत जा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. जुने मासे ज्या जंतूंना सरावलेले असतात ते नव्यांना अनोळखी असतात, आणि त्यांची पहिली गाठ टबात, ताण नसताना पडलेली बरी.

प्रश्न : चार टायगर बार्ब जुने. त्यांच्यात सहा गप्पी सोडले. सकाळी शेपट्या कुरतडलेल्या, दोन मेलेले. पाणी तपासले, ठीक आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : पाण्याचा इथे काही संबंध नाही. टायगर बार्ब आणि गप्पीची लांब शेपटी एका टाकीत नांदत नाहीत. उरलेले गप्पी आजच काढा. चारच बार्ब असले की ते जास्त उपद्रवी होतात. तीन फुटी टाकी असेल तर त्यांची संख्या आठ-दहा करा, म्हणजे ते आपापसांतच भिडतात. इतर टाक्यांसाठी एक युक्ती आहे. नवे मासे सोडण्याआधी जुन्यांना पोटभर खाऊ घाला, दगड-लाकडाच्या जागा बदला आणि दिवा दुसऱ्या सकाळपर्यंत बंद ठेवा. हद्दी मोडल्या की जुन्यांचा रुबाब उतरतो. एंजल मासा मोठा झाला असेल तर मात्र निऑन त्याच्यासाठी खाद्यच, तिथे कोणतीही युक्ती चालत नाही.

प्रश्न : दुकानात मासा निवडताना काय पाहावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी विचारा, ‘माल कधी आला?’ महाराष्ट्रातल्या दुकानांतले पुष्कळ मासे कोलकात्याच्या आसपासचे किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातले असतात. प्रवासाचा ताण आणि त्यातून येणारे रोग पहिल्या आठवड्यात उफाळतात. म्हणून माल आल्याच्या दिवशी गर्दी करू नका. पसंत पडलेल्या माशांचे पैसे देऊन ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी न्या. चांगला दुकानदार तयार होतो. समोर खाद्य टाकायला सांगा, जो धावत येत नाही तो नको. पोट खपाटीला गेलेले, कल्ले जलद हलणारे, कोपऱ्यात वर तरंगणारे, पर मिटलेले मासे सोडा. निऑनच्या लाल पट्ट्यात फिकट पांढुरका डाग असेल तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, त्या रोगावर औषध नाही. ज्या टाकीत एक मेलेला मासा दिसला तीही टाळा, आणि सगळ्या टाक्या एकाच फिल्टरवर असतील तर सरळ दुसरे दुकान पाहा.

एका वेळी आणायचे ते आधीच्या माशांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. फिल्टरमधले जिवाणू आधीच्या घाणीपुरते असतात; एकदम दुप्पट मासे आले तर ते वाढून पुरे पडेपर्यंत काही दिवस अमोनिया चढतो. पिशवी बांधण्यापूर्वी दुकानाच्या टाकीत टीडीएस पेन बुडवू द्यायला सांगा. नाही म्हटले तर घरी आल्यावर पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस मोजा, आणि तो आकडा पाहून मासे टाकीत सोडायचे की टबात, ते ठरवा.